सभागृहाचा मान आणि सभागृहाचे काम

पुण्यात कौन्सिल हॉल म्हटले की आज डोळ्यांसमोर येतात त्या आढावा बैठका. पालकमंत्री येणार, अधिकारी फायली घेऊन बसणार, पालखी मार्गापासून पाणीकपातीपर्यंतचे विषय निघणार आणि बाहेर पत्रकार ताटकळणार. सरकारी पत्रात या वास्तूला विधान भवन म्हणतात, पण रिक्षावाल्याला कौन्सिल हॉल असेच सांगावे लागते. हे नाव उगाच पडलेले नाही. मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ पावसाळ्यात पुण्याला येत असे आणि इथेच बसत असे. १९३५ च्या कायद्यानुसार निवडून आलेल्या मुंबई विधानसभेची पहिली बैठक १९ जुलै १९३७ रोजी याच वास्तूत भरली. १७५ सदस्यांचे सभागृह, बाळासाहेब खेरांचे नवेकोरे मंत्रिमंडळ, आणि अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले.

त्या विधानसभेला एक गोष्ट करता येत नव्हती. तिला कोणालाही शिक्षा देता येत नसे. सदस्यांना सभागृहात मोकळेपणाने बोलण्याचे स्वातंत्र्य होते, तिथे केलेल्या भाषणाबद्दल त्यांना कोर्टात खेचता येत नव्हते. पण १९३५ च्या कायद्याच्या कलम ७१ ने प्रांतिक कायदेमंडळांना स्पष्ट बजावले होते की, तुम्हाला न्यायालयाचा दर्जा नाही. गोंधळ घालणाऱ्याला दाराबाहेर काढा, त्यापलीकडे जाऊ नका. समितीपुढे साक्ष द्यायला कोणी नकार दिला तर त्याला शिक्षा व्हावी असा कायदा करता येई, पण ती शिक्षा द्यायची कोर्टाने, रीतसर खटला चालवून. परकीय सरकारचा आपल्या प्रतिनिधींवर विश्वास नव्हता, हे त्यामागचे एक कारण होतेच. तरी त्या तरतुदीत एक शहाणपणही होते, ते मात्र आपण पुढे सोडून दिले.

आता एकदम २००८ मध्ये येऊ. त्या विधानसभेची वारसदार असलेल्या महाराष्ट्र विधानसभेने मार्च महिन्यात राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगाबद्दल दोन दिवसांच्या कारावासाची शिक्षा दिली आणि त्यांची रवानगी आर्थर रोड तुरुंगात झाली. राज्य निवडणूक आयुक्त म्हणजे मंत्रालयातला एखादा उपसचिव नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ट ने निर्माण केलेले हे पद आहे. त्यावरच्या व्यक्तीला काढायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याची पद्धतच वापरावी लागते. वाद होता तो महापौर, अध्यक्ष अशा पदांच्या निवडणुका घेण्याचा अधिकार आयोगाचा की राज्य सरकारचा, याचा. आयुक्तांनी आपल्या बाजूने दावा केला, सभागृहाला तो आपल्या अधिकारांवरचा घाला वाटला, प्रकरण समितीकडे गेले, समितीने बोलावले, आणि आयुक्तांनी हजर राहण्यास नकार दिला. अखेर सभागृहाने ठराव केला.

ज्या प्रश्नाचे उत्तर संविधानाच्या अर्थावर अवलंबून होते, तो प्रश्न उच्च न्यायालयात सुटायला हवा होता. दोन्ही बाजूंना तिकडचा रस्ता माहीत होता. त्याऐवजी वादातला एक पक्षकार न्यायाधीश झाला आणि दुसरा कैदी. आमच्या राज्यातली ही एवढी मोठी घटना, पण तिच्यावर मराठीत सविस्तर लिखाण शोधायला जावे तर हाती फारसे काही लागत नाही. चार दिवस मथळे झाले आणि विषय मिटला. हे पुस्तक लिहावेसे वाटण्याचे ते एक मोठे कारण.

१९३७ ची हात बांधलेली विधानसभा आणि २००८ ची तुरुंगाचा हुकूम काढणारी विधानसभा यांच्यामध्ये आहे अनुच्छेद १९४. त्याचा तिसरा खंड असे म्हणत होता की, विधिमंडळाचे अधिकार आणि विशेषाधिकार कोणते ते विधिमंडळ कायदा करून ठरवील, आणि तसा कायदा होईपर्यंत ते ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला असतील तेवढे असतील. संसदेसाठी हीच तरतूद अनुच्छेद १०५ मध्ये आहे. संविधान सभेत काही सदस्यांना हे खटकले होते. स्वतंत्र देशाने आपल्या संविधानात परक्या संसदेकडे बोट का दाखवावे, असा त्यांचा सवाल होता. डॉ. आंबेडकरांचे उत्तर व्यवहाराचे होते. सगळे विशेषाधिकार तपशिलाने लिहायचे तर वीस-पंचवीस पाने त्यातच जातील. सोय म्हणून सध्या हे असू द्यावे, पुढे कायदा करता येईल. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचा उल्लेख तेवढा गाळला. त्या दुरुस्तीआधी जे अधिकार होते तेच पुढे चालू राहतील, असे म्हणून आशय मात्र होता तिथेच ठेवला. पाटी बदलली, दुकान तेच.

ज्या कॉमन्सचे नाव घेऊन हे सारे चालते, तिने स्वतः कोणाला कोठडीत टाकल्याची शेवटची उदाहरणे १८८० सालची आहेत. त्या वर्षी चार्ल्स ब्रॅडलॉ या खासदाराला घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र ठेवले होते. सभागृहाच्या कठड्यापाशी उभे करून एखाद्या पत्रकाराला जाब विचारल्याची तिथली शेवटची घटना १९५७ ची. ‘संडे एक्सप्रेस’चे संपादक जॉन जुनॉर यांनी खासदारांना मिळणाऱ्या पेट्रोलच्या सवलतीवर टीका केली होती, त्यांनी माफी मागितली आणि प्रकरण संपले. तिथे म्यान झालेली तलवार आपल्याकडे अजून भिंतीवर टांगलेली आहे, आणि अधूनमधून उतरवली जाते.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग हे विशेषाधिकार हवेतच कशाला? हवेत. का हवेत हे सांगायला इंग्लंडच्या राजांपर्यंत जायला नको, पुण्यातच उत्तर आहे. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या गोऱ्या सोल्जरांनी पुण्यात जे केले त्याबद्दलची पत्रे वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना मिळाली. गोखल्यांनी ती माहिती ब्रिटिश खासदारांसमोर मांडली, ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये ती छापून आली, आणि मुंबई सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा माहिती देणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. शेवटी त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ती माफी त्यांना आयुष्यभर सलत राहिली आणि पुण्यातल्या त्यांच्या विरोधकांनी ती त्यांना कधी विसरू दिली नाही. हेच आरोप एखाद्या खासदाराने कॉमन्समध्ये उभे राहून केले असते, तर त्याला पुराव्यासाठी कोणी कोर्टात ओढू शकले नसते. नाव सांगायला घाबरणाऱ्या माणसांच्या वतीने, अपुऱ्या माहितीवर का होईना, सत्तेला प्रश्न विचारता यावा, ही विशेषाधिकाराची खरी गरज. ज्या दिवशी आमदार कोर्टाच्या भीतीने जपून बोलू लागतील त्या दिवशी विधानसभा बंद केली तरी चालेल.

म्हणून या पुस्तकात मी प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचारला आहे: यामुळे सभागृहाचे काम अडले का? बोलणाऱ्याला धमकावले गेले, साक्षीदार फोडला गेला, समितीपासून कागद दडवले गेले, पैसे देऊन प्रश्न विचारायला लावले, तर काम अडले. तिथे सभागृहाने कठोर व्हावे. पण कोणी आमदारांना वाईट बोलले, फोन उचलला नाही, भूमिपूजनाच्या पत्रिकेत नाव खाली छापले, तर मान दुखावला असेल, काम अडलेले नाही. महाराष्ट्रातल्या हक्कभंगाच्या सूचनांकडे या नजरेने पाहिले की बराच कचरा आपोआप बाजूला पडतो.

कार्यपद्धती थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही नियमावलीत सापडते. सदस्य अध्यक्षांकडे किंवा सभापतींकडे सूचना देतो. घटना ताजी असावी, मुद्दा नेमका असावा, सभागृहाने हस्तक्षेप करण्याजोगा असावा, ही अपेक्षा. पीठासीन अधिकाऱ्यांना प्रथमदर्शनी तथ्य वाटले तर प्रकरण विशेषाधिकार समितीकडे जाते. समिती खुलासा मागवते, साक्षी घेते, अहवाल देते, सभागृह निर्णय करते. शिक्षा म्हणजे समज, ताकीद, क्वचित कारावास. सदस्य असेल तर निलंबन किंवा हकालपट्टी. पत्रकार असेल तर प्रेक्षागृहाचा पास रद्द. कारावासही सत्रसमाप्तीपर्यंतच टिकतो. १९७८ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींना लोकसभेने सदस्यत्वावरून काढून तिहारला पाठवले, आणि आठवडाभरात सत्र संपताच त्या बाहेर आल्या.

प्रत्यक्षात शिक्षेपर्यंत थोडीच प्रकरणे जातात. बहुतेकांचा शेवट दिलगिरीने होतो. तहसीलदार, पोलीस निरीक्षक, मुख्याधिकारी यांना मुंबईला समितीपुढे बोलावले जाते, ते बाहेरच्या बाकावर बसून राहतात, आत गेल्यावर लेखी दिलगिरी देतात, आणि सन्माननीय सदस्य मोठ्या मनाने विषय संपवतात. अधिकाऱ्यांनी लोकप्रतिनिधींशी नीट वागावे यात वाद नाही. त्यासाठी शासनाची परिपत्रके आहेत, शिस्तभंगाचे नियम आहेत. लोकसभेने तर राजशिष्टाचाराच्या अशा तक्रारींसाठी वेगळी समितीच केली आहे. पण मतदारसंघातला मानापमान आणि सभागृहाचा हक्क यांची सरमिसळ आपल्याकडे इतकी मुरली आहे की, महापालिकेतले नगरसेवकही अधूनमधून ‘हक्कभंग आणू’ अशी भाषा करतात. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला असा कोणताही संवैधानिक विशेषाधिकार नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

या विषयातला देशातला सर्वांत मोठा पेच १९६४ मध्ये उत्तर प्रदेशात उभा राहिला, आणि तो सोडवायला बसलेले सरन्यायाधीश पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि विधि महाविद्यालयात शिकलेले होते. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले. सरन्यायाधीश होऊन त्यांना दोनच महिने होत होते, आणि हे प्रकरण दारात आले.

प्रकरणाची सुरुवात अगदी किरकोळ. गोरखपूरच्या केशव सिंह नावाच्या कार्यकर्त्याने एका काँग्रेस आमदारावर भ्रष्टाचाराचे आरोप करणारे पत्रक छापले. विधानसभेने ताकीद द्यायला लखनौला बोलावले. आपल्याकडे गाडीभाड्याचे पैसे नाहीत, असे त्याने कळवले. शेवटी १४ मार्च १९६४ रोजी त्याला धरून आणले, तर गडी अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला आणि एका प्रश्नाचे उत्तर देईना. सात दिवसांची कैद झाली. शिक्षा संपायला एकच दिवस उरला असताना, १९ मार्चला, त्याच्या वकिलाने उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे अर्ज केला, आणि न्या. नसीरुल्ला बेग व न्या. जी. डी. सहगल यांनी त्याला जामीन दिला. संतापलेल्या विधानसभेने दोन दिवसांनी ठराव केला की केशव सिंह, त्याचा वकील आणि दोन्ही न्यायाधीश यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करावे. न्यायाधीशांना! मग अलाहाबाद उच्च न्यायालयाचे उरलेले सगळे, म्हणजे २८ न्यायाधीश, एकत्र बसले आणि त्यांनी या ठरावाची अंमलबजावणी थांबवली. राष्ट्रपतींनी हा गुंता सल्ल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला.

सात न्यायाधीशांपुढे जो युक्तिवाद झाला तो कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. विधानसभेच्या बाजूने उभे होते महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई, आणि न्यायाधीशांच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड. ३० सप्टेंबर १९६४ रोजी गजेंद्रगडकरांनी बहुमताचे मत दिले; न्या. सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. गजेंद्रगडकरांच्या मांडणीचा गाभा असा की, इंग्लंडमध्ये संसद सार्वभौम आहे, आपल्याकडे संविधान. त्यामुळे विशेषाधिकार आहे की नाही आणि किती आहे, हे ठरवण्याचा शेवटचा शब्द न्यायालयाचा. कैदेत टाकलेल्या नागरिकाला उच्च न्यायालयाचे दार बंद करता येणार नाही, आणि त्याचा अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधीशाने सभागृहाचा कोणताही अवमान केलेला नसतो. सीरवाईंना हे मत पटले नाही आणि आपल्या ग्रंथात त्यांनी त्यावर कडक टीका केली. मतभेद असा मोकळेपणाने लिहिला जावा, हेही त्या पिढीचे वैशिष्ट्य.

पुढे काय झाले, ते सहसा सांगितले जात नाही. १९६५ च्या मार्चमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने केशव सिंहचा मूळ अर्ज फेटाळला. सभागृहाला शिक्षा देण्याचा अधिकार होता, आणि तो वापरताना काही गैर घडले नाही, असे ठरले. देशाला एक महत्त्वाचे तत्त्व देणाऱ्या या माणसाच्या वाट्याला उरलेल्या एका दिवसाची कैद आली. न्यायालय तपासू शकते एवढे पक्के झाले, पण तपासून बहुधा सभागृहाच्या बाजूनेच उभे राहते, हा केशव सिंह प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग.

वृत्तपत्रांच्या बाबतीत मुंबईचा इतिहास आणखी जुना आहे. मार्च १९५२ मध्ये ‘ब्लिट्झ’चे होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या हुकमावरून मुंबईत अटक झाली, लखनौला नेले आणि तिथे एका हॉटेलात ठेवले. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. नऊ वर्षांनी त्याच ‘ब्लिट्झ’चे संपादक रुसी करंजिया आचार्य कृपलानींची टर उडवणाऱ्या मजकुराबद्दल लोकसभेच्या कठड्यापाशी उभे राहिले आणि त्यांना ताकीद मिळाली. मजकूर सभ्य नव्हता, हे खरे. पण कृपलानींसारख्या माणसाला त्या मजकुरापासून सभागृहाच्या संरक्षणाची गरज होती, असे मला कधीच वाटले नाही.

१९९४ मध्ये ‘आपलं महानगर’चे संपादक निखिल वागळे यांना महाराष्ट्र विधिमंडळाने हक्कभंगासाठी तुरुंगात पाठवले, दिवंगत आमदाराला वाहिलेल्या श्रद्धांजलीवर त्यांनी टीका केली होती. कामाच्या कसोटीवर हे प्रकरण कुठे बसते? श्रद्धांजलीचा ठराव झाला, सभागृह उठले, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात टीका आली. अडले काहीच नव्हते.

२०१३ चे प्रकरण मी अधिक तपशिलाने घेतले आहे, कारण त्यात सगळे दोष एका जागी दिसतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर नालासोपाऱ्याचे आमदार क्षितिज ठाकूर यांची गाडी वेगमर्यादा ओलांडल्यावरून एका पोलीस अधिकाऱ्याने अडवली. बाचाबाची झाली. आमदारांनी त्या अधिकाऱ्याविरुद्ध हक्कभंगाची सूचना दिली. वाहतुकीचा नियम आमदाराला लागू नाही, असा कोणताही विशेषाधिकार जगात नाही. अटकेपासूनचे संरक्षणही दिवाणी प्रकरणांपुरतेच, अधिवेशनाच्या आगेमागे चाळीस दिवस. तरी सूचना दिली गेली. १९ मार्चला तो अधिकारी विधान भवनात आला असताना त्याला तिथेच मारहाण झाली. अध्यक्ष होते आंबेगावचे दिलीप वळसे पाटील. पाच आमदार निलंबित झाले, आणि ते एका पक्षाचे नव्हते. शिवसेना, भाजप, मनसे आणि बहुजन विकास आघाडी असे चार पक्षांचे होते. एरवी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे पक्ष इथे अचूक एकत्र आले. त्यानंतर वृत्तवाहिन्यांनी आमदारांवर कडक शब्दांत टीका केली, तर वागळे आणि राजीव खांडेकर या दोन संपादकांवरच हक्कभंगाच्या सूचना आल्या. विधान भवनाच्या आवारात मारहाण झाली, म्हणजे सभागृहाच्या प्रतिष्ठेला खराखुरा धक्का बसला तो आमदारांकडूनच, आणि खुलासा विचारला गेला तो संपादकांना.

सभागृह आपल्याच सदस्यांना शिक्षा करते तेव्हा चित्र थोडे वेगळे दिसते. १९६४ मध्ये, म्हणजे केशव सिंहच्याच साली, जांबुवंतराव धोटे यांची विधानसभेतून हकालपट्टी झाली. बाळासाहेब भारदे अध्यक्ष होते, आणि धोट्यांनी त्यांच्या दिशेने वस्तू भिरकावल्या होत्या. पेपरवेटची गोष्ट विदर्भात आजही रंगवून सांगतात. पोटनिवडणुकीत लोकांनी धोट्यांनाच पुन्हा निवडून पाठवले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदार संसदेतून गेले, त्यांत एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन हे दोघे आपले. इथे सभागृहाचे काम विकले गेले होते, आणि २००७ मध्ये राजा राम पाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हकालपट्टी उचलून धरली ती योग्यच होती. सभागृहात मत द्यायला लाच घेतली तरी विशेषाधिकाराचे कवच मिळते, हा १९९८ चा नरसिंह राव प्रकरणातला निकालही ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांनी सीता सोरेन प्रकरणात एकमताने मोडीत काढला.

याउलट ५ जुलै २०२१ चे उदाहरण. दोन दिवसांचे पावसाळी अधिवेशन, तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी झालेली वादावादी, आणि भाजपच्या १२ आमदारांचे पूर्ण एक वर्षासाठी निलंबन. पुढच्या २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. पुण्यात जन्मलेल्या न्या. अजय खानविलकरांनी लिहिलेल्या निकालातला युक्तिवाद साधा आणि बिनतोड आहे. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. वर्षभर निलंबन म्हणजे जागा भरलेली आणि मतदारसंघ मात्र मुका. शिस्त लावायची तर चालू अधिवेशनापुरती लावा. त्या वेळी सत्तेत असलेल्यांना हा निकाल रुचला नाही, विरोधकांनी पेढे वाटले. आज बाके बदलली आहेत, आणि निकालाबद्दलची मतेही त्याबरोबर बदललेली ऐकू येतात.

अलीकडच्या दोन प्रकरणांनी एक जुना प्रश्न उघडा पाडला. २०२० मध्ये अर्णब गोस्वामी यांच्याविरुद्धच्या हक्कभंगात विधिमंडळ सचिवालयातून त्यांना पत्र गेले की, सभागृहाची गोपनीय कागदपत्रे तुम्ही सर्वोच्च न्यायालयात कशी सादर केलीत? न्यायालयात गेलो म्हणून दटावणारे ते पत्र पाहून सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने नोव्हेंबरमध्ये सचिवांनाच अवमानाची नोटीस काढली. गोस्वामींची पत्रकारिता मला अजिबात आवडत नाही. केशव सिंहच्या पत्रकाबद्दलही गजेंद्रगडकरांना काही प्रेम असण्याचे कारण नव्हते. न्यायालयाचे दार सगळ्यांसाठी असते.

दुसरे प्रकरण संजय राऊत यांचे. १ मार्च २०२३ रोजी कोल्हापुरात त्यांनी विधिमंडळाला ‘चोरमंडळ’ म्हटले आणि त्याच दिवशी विधानसभेत हक्कभंगाची मागणी झाली. दौंडचे आमदार राहुल कुल यांच्या अध्यक्षतेखाली पंधरा सदस्यांची समिती नेमली गेली. राऊतांनी उत्तरात आक्षेप घेतला की, ज्यांनी तक्रार केली तेच समितीत बसले आहेत, मग न्याय कसला? पुढे त्यांनी कुल यांच्याशी संबंधित भीमा पाटस साखर कारखान्याबद्दल आरोप केले, कुल यांनी ते फेटाळले, आणि हक्कभंगाचे प्रकरण दौंडच्या राजकारणात शिरले. विधान परिषदेत उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी, राऊत राज्यसभेचे सदस्य असल्याने, विषय राज्यसभेच्या सभापतींकडे पाठवला. रूढीला धरून तेच बरोबर होते. ‘चोरमंडळ’ हा शब्द शोभणारा नव्हता. पण राऊतांचा आक्षेप आठवणीत ठेवावा असा आहे. तक्रार करणारा, तपास करणारा आणि शिक्षा देणारा एकच, हे गावच्या भावकीतसुद्धा चालत नाही.

तर मग कायदाच का करू नये? ऑस्ट्रेलियात १९५५ मध्ये एका स्थानिक वृत्तपत्राच्या दोघांना संसदेने तीन महिने तुरुंगात टाकले होते. त्या देशाने १९८७ मध्ये विशेषाधिकारांचा कायदा केला. नुसत्या बदनामीकारक शब्दांनी संसदेचा अवमान होत नाही, असे त्यात लिहून टाकले. सदस्याची हकालपट्टी करण्याचा अधिकारही सभागृहाने सोडून दिला. तिथली संसद त्यामुळे दुबळी झाल्याचे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे १९५४ मध्ये पहिल्या प्रेस आयोगाने विशेषाधिकारांची संहिता करा अशी शिफारस केली होती. पीठासीन अधिकाऱ्यांचा कल मात्र सुरुवातीपासून संहितेच्या विरोधात राहिला, आणि खुद्द मावळंकरही त्याला अपवाद नव्हते.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही, घटनादुरुस्तीची तर नाहीच. सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत ३९ व्या नोंदीखाली हा विषय थेट राज्य विधिमंडळाला दिलेला आहे. मसुदा करून एका अधिवेशनात मंजूर करता येईल. तो होत नाही याचे कारण ‘सर्चलाइट’ या पाटण्याच्या वृत्तपत्राच्या १९५८ च्या निकालात दडलेले आहे. अलिखित विशेषाधिकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कापुढे झुकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात बहुमताने सांगितले, न्या. सुब्बा राव यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. पण त्याच निकालाने हेही सांगितले की, विधिमंडळाने विशेषाधिकारांचा कायदा केला, तर त्या कायद्याला अनुच्छेद १३ लागू होईल, म्हणजे मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारे कलम न्यायालय रद्द करू शकेल. जोवर काही लिहिलेले नाही, तोवर हा अधिकार जास्त सुरक्षित आहे, हे गणित सर्व पक्षांच्या विधिमंडळ कार्यालयांत पक्के ठाऊक आहे. सत्तेवर येणारा प्रत्येक पक्ष विरोधात असताना हक्कभंगाला बळी पडलेला असतो, आणि सत्तेत आल्यावर त्याला संहितेची आठवण राहत नाही.